पेरोव्हस्काइट नॅनोक्रिस्टल्सचा उजेड टिकत नाही: कोटिंगच्या आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका कॉलेजात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सीझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्हस्काइटचे नॅनोक्रिस्टल्स (अतिसूक्ष्म, यूव्हीखाली उजळणारे स्फटिक) हॉट इंजेक्शनने, म्हणजे गरम द्रावणात दुसरं द्रावण झटक्यात टोचून, बनवले. पहिल्या दिवशी यूव्ही टॉर्चखाली झकास हिरवे. दोन वॉश दिल्यावर उजेड निम्म्यावर आला आणि आठवडाभरात बाटलीच्या तळाशी पांढुरका साका बसला. आता सिलिकाचं कोटिंग करावं की पॉलिमरमध्ये घालावं? आणि पुढे अशी फिल्म द्राक्षबागेवरच्या प्लास्टिक कव्हरसाठी चालेल का?

दोन वॉशमध्ये उजेड निम्मा झाला, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. त्या टप्प्यावर पावसाळी हवा, ऊन, उष्णता यातलं काहीच आडवं आलेलं नव्हतं. माल सेंट्रिफ्यूजच्या ट्यूबमध्येच गेला. त्यावर सिलिका चढवलीत तर उरलेलं जपलं जाईल, गेलेलं परत येणार नाही; उलट सिलिकाच्या रिॲक्शनमध्ये आणखी थोडं जाईल. म्हणून मी नेहमी आधी पृष्ठभाग, मग धुणं आणि सगळ्यात शेवटी कवच या क्रमाने जातो. तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात करताय.

हे क्रिस्टल्स इतके नाजूक का, ते आधी बघू. पेरोव्हस्काइट हे नाव मुळात १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या कॅल्शियम टायटेनेटच्या खनिजाचं. तीच रचना सीझियम, लेड आणि हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड किंवा आयोडाइड) घेऊन नॅनो आकारात बनवता येते आणि तिचा उजेड अरुंद, चोख रंगाचा येतो, हे २०१५ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने दाखवलं. त्याच वर्षी आपल्या शेजारी, पुण्याच्या आयसरमध्ये, अंगशुमान नाग यांच्या गटाचंही सीझियम लेड ब्रोमाइडवरचं काम प्रसिद्ध झालं. कॅडमियमच्या क्वांटम डॉट्सना शेल चढवल्याशिवाय नीट उजेड येत नाही. हे मात्र उघडेच ९० टक्क्यांपर्यंत क्वांटम यील्ड (शोषलेल्या उजेडापैकी परत बाहेर येणारा हिस्सा) देतात. त्याची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते. हा आयनिक पदार्थ आहे, मिठाच्या जातीचा. पोलर सॉल्व्हंट दिसला की विरघळायला लागतो.

शिवाय आकार. १० नॅनोमीटरचा घन धरा. युनिट सेल साधारण ०.५९ नॅनोमीटरचा, म्हणजे एका कडेला १७ सेल. एकूण ४,९१३ सेल झाले आणि त्यातले १,५३८ अगदी बाहेरच्या थरात. जवळपास तिसरा हिस्सा पृष्ठभागावरच उभा आहे. अशा वस्तूत 'आतला पदार्थ स्थिर आहे का' हा प्रश्न फारसा उरत नाही. पृष्ठभागाचं जे होईल ते सगळ्याचं होतं.

तो पृष्ठभाग झाकणारे रेणू, म्हणजे लिगंड, हे तुमचे ओलेइक ॲसिड आणि ओलेइलअमाइन. ॲसिड आपला प्रोटॉन अमाइनला देतं. तयार होणारं ओलेइलअमोनियम आणि ओलिएट पृष्ठभागावर बसतात. बसतात, पण कायमचे नाही. सतत उठबस चालू असते, हे २०१६ मध्ये एनएमआर या तपासणीच्या तंत्राने स्पष्ट दिसलं. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरच्या बाकड्यासारखं आहे ते: माणसं बदलत राहतात, बाकडं मात्र भरलेलंच दिसतं, आणि स्टँडवरची गर्दी ओसरली की बाकडं रिकामं. द्रावणात मोकळे लिगंड भरपूर असेपर्यंत पृष्ठभाग झाकलेला राहतो. तुम्ही वॉश देता म्हणजे गर्दी हटवता. त्यात ओलेइलअमोनियम जाताना एकटं जात नाही, ब्रोमाइड सोबत घेऊन जातं. मागे ब्रोमाइडची रिकामी जागा आणि उघडं लेड उरतं. उजेड तिथे मरतो.

याची खात्री तुमच्याच लॅबमध्ये करता येते. ताज्या बॅचमधून दोन नमुने घ्या, एक जसाच्या तसा आणि एक त्याच कोरड्या टोल्युईनमध्ये शंभरपट पातळ केलेला. दोन्ही अंधारात, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींचा पीएल, म्हणजे बाहेर पडणारा उजेड, त्याच ॲब्सॉर्बन्सवर (प्रकाश शोषण्याच्या प्रमाणावर) आणून मोजा. पातळ नमुन्याचा उजेड जास्त घसरला असेल तर दोष लिगंडच्या उठण्याचा. दोन्ही सारखेच घसरले तर पाणी, ॲसिडचा अंश किंवा खराब सॉल्व्हंट बघा. एवढी साधी चाचणी कोणी करत नाही याचं मला कायम नवल वाटतं. लोक थेट टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) नंबर लावायला पुण्याला धावतात.

आता धुण्याबद्दल. रिॲक्शन बर्फाच्या पाण्यात थंड केल्यावर मिळतं ते कच्चं द्रावण आधी अँटीसॉल्व्हंट (क्रिस्टल्सना खाली बसवणारा द्रव) न घालता सेंट्रिफ्यूज करा. बरेचसे क्रिस्टल्स तसेच खाली बसतात. वरचं ऑक्टाडिसीन (रिॲक्शनचा सॉल्व्हंट) ओतून द्या, ट्यूब उलटी करून टिश्यूवर ठेवा, आतल्या कडेला चिकटलेला थेंबही टिपून घ्या. मग पेलेट (तळाशी बसलेला गोळा) थोड्याशा हेक्झेन किंवा टोल्युईनमध्ये सोडवा. दुसरा वॉश द्यायचाच असेल तर ॲसिटोन आणि इथेनॉल विसरा. मिथाइल ॲसिटेट किंवा इथाइल ॲसिटेट घ्या आणि तेही मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) रात्रभर कोरडं केलेलं. आकारमानात एकास एकपासून सुरुवात करा, थेंबथेंब वाढवा आणि द्रावण पारदर्शक हिरव्याचं दुधाळ झालं की थांबा. गढूळपणा येण्याच्या पुढे घातलेला प्रत्येक मिलिलिटर नुकसानीचा. पुस्तकातलं प्रमाण तुमच्या बॅचला लागू पडेलच असं नाही, कारण तुमच्या बॅचमध्ये मोकळे लिगंड किती आहेत हे पुस्तकाला माहीत नाही.

मिथाइल ॲसिटेटची शिफारस हवेतून आलेली नाही. २०१६ मध्ये अभिषेक स्वर्णकार आणि सहकाऱ्यांनी सीझियम लेड आयोडाइडचे डॉट्स याच सॉल्व्हंटने धुऊन काळ्या फेजमध्ये (स्फटिकरचनेत) टिकवले आणि त्यातून १०.७७ टक्के कार्यक्षमतेचा सोलर सेल केला. आयोडाइडचं प्रकरण ब्रोमाइडपेक्षा कितीतरी वाईट आहे. त्याची काळी क्युबिक फेज ३०० अंश सेल्सिअसच्या वरच खरी सुखात असते आणि खोलीच्या तापमानाला पिवळी होऊन मरते. ते जर नीट धुण्याने टिकतं, तर तुमचं ब्रोमाइड टिकायलाच हवं.

रसायनांबद्दल एक खास नाशिकची गोष्ट. ओलेइक ॲसिड १३-१४ अंशांना गोठतं आणि ओलेइलअमाइन त्याहूनही वरच्या तापमानाला. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो हे तुम्हाला सांगायला नको, नाशिकची सकाळही काही फार उबदार नसते. ७० टक्के ग्रेडचं ओलेइलअमाइन म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या अमाइनचं मिश्रण. बाटली अर्धी गोठलेली असताना वरचा द्रव भाग सिरिंजने ओढलात तर तुम्ही मिश्रणातला एक ठरावीक भागच उचलला. फेब्रुवारीत बाटलीत उरलेलं रसायन डिसेंबरच्या बॅचमधलं नाही, मग बॅच जुळत नाहीत आणि दोष इंजेक्शनच्या वेगाला दिला जातो. बाटली पूर्ण कोमट करा, हलवा, मग घ्या. झाकणाच्या आट्यांवर पांढरी खपली दिसली तर अमाइनने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढलाय. ती खपली बाटलीत पडू देऊ नका. सीझियम ओलिएटही थंड झालं की गोठून खाली बसतं. इंजेक्शनच्या आधी ते शंभर अंशांच्या पुढे नेऊन पूर्ण स्वच्छ झालेलं डोळ्यांनी बघायचं आणि सिरिंजची सुईही गरम ठेवायची. सुईत गोठलेलं सीझियम फ्लास्कमध्ये पोचत नाही, म्हणजे रेसिपीतलं प्रमाण कागदावरच राहतं.

प्रमाणावरून आठवलं. तुम्ही लेड ब्रोमाइड वापरता, म्हणजे एका लेडमागे दोन ब्रोमाइड. क्रिस्टलला हवेत तीन. सुरुवातीपासूनच ब्रोमाइडची ओढाताण आहे आणि पृष्ठभाग उपाशी राहतो. इटलीच्या लिबेराटो मान्ना यांच्या गटाने २०१८ मध्ये बेंझॉइल ब्रोमाइडमधून ब्रोमाइड वेगळं देण्याची पद्धत मांडली, त्यात लेड आणि ब्रोमाइड स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतात. कोलकात्याच्या आयएसीएस या संशोधन संस्थेत नारायण प्रधान यांच्या गटाने ओलेइलअमोनियम हॅलाइड वापरून क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड तिन्हींत जवळपास पूर्ण क्वांटम यील्ड दाखवलं. तत्त्व एकच, ब्रोमाइडची बाजू सढळ ठेवायची. बेंझॉइल ब्रोमाइड डोळ्यांत पाणी आणणारं, ओलाव्याशी लगेच भिडणारं रसायन आहे. फ्यूमहूड नीट ओढत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग लिगंड बदलावे का? बदलावेत, आणि माझ्या मते तुमचा पहिला खर्च इथेच व्हावा. सगळ्यात सोपा मार्ग डायडोडेसिल डायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड, लॅबमध्ये सगळे डीडीएबी म्हणतात. हे क्वाटर्नरी अमोनियम आहे, त्याच्याकडे देण्याघेण्यासाठी प्रोटॉनच नाही, म्हणून ओलेइलअमोनियमसारखं प्रोटॉन सोडून अमाइन होऊन ते निघून जात नाही. वर ब्रोमाइडही सोबत आणतं. टोल्युईनमधलं त्याचं विरळ द्रावण पहिल्या पेलेटनंतर थेंबथेंब घाला आणि प्रत्येक वेळी पीएल बघत जा. उजेड वाढत जाईल, एका टप्प्यावर थांबेल आणि पुढे पडायला लागेल. तो थांबण्याचा टप्पा तुमचा. त्यापुढे गेलात तर डीडीएबी क्रिस्टलमधलं सीझियम हिसकावतं आणि घन क्रिस्टल्सचं सीझियम डायलेड पेंटाब्रोमाइडच्या चपट्या पत्र्यांत रूपांतर होतं. उलट्या बाजूने, ओलेइलअमाइन जास्त झालं तर ते लेड ब्रोमाइड ओढून घेतं आणि रंगहीन सीझियमबहुल फेज उरते. दोन्हींपैकी एकही फेज स्वतः तुम्हाला हवा तो हिरवा उजेड देत नाही. 'लिगंड थोडं जास्तच घालू, सेफ राहील' ही सवय इथे महागात पडते.

त्याहून चांगला, पण जरा मेहनतीचा मार्ग म्हणजे झ्विटरआयनिक लिगंड. एकाच रेणूत धन आणि ऋण दोन्ही टोकं, दोन्ही पृष्ठभागाला धरतात. एक सुटलं तरी दुसरं धरून असतं. झुरिकच्या त्याच गटाने २०१८ मध्ये सल्फोबिटेन आणि तशा इतर लिगंडवर हे दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी सोया लेसिथिनवर. हो, तेच लेसिथिन जे चॉकलेट आणि बिस्किटाच्या पाकिटावर घटकांत लिहिलेलं असतं. लेसिथिनचे क्रिस्टल्स खूप पातळ केले तरी टिकतात, म्हणजे वर सांगितलेली पातळ करण्याची चाचणी ते पास होतात. प्रोजेक्टसाठी मी हाच विषय निवडला असता: रसायन स्वस्त, विषारी नाही, आणि फरक साध्या स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरवर दिसतो. मात्र मेडिकलमधलं कॅप्सूलचं लेसिथिन वापरू नका, त्यात तेल असतं.

श्लेंक लाइन (हवा आणि ओलावा दूर ठेवून काम करायची काचेची जोडणी) नसेल किंवा तिच्या व्हॅक्यूमवर भरवसा नसेल तर हॉट इंजेक्शनचा हट्ट सोडा. २०२२ मध्ये याच गटाने खोलीच्या तापमानाला, ट्रायऑक्टाइलफॉस्फिन ऑक्साइडमध्ये बांधलेल्या लेड ब्रोमाइडपासून सावकाश, मिनिटांच्या हिशोबाने वाढणारे क्रिस्टल्स केले आणि शेवटी लेसिथिन चढवलं. हॉट इंजेक्शनमध्ये सगळा खेळ काही सेकंदांत संपतो. इथे तुम्हाला बघायला, मोजायला, थांबवायला वेळ मिळतो. शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे.

आता तळाच्या साक्याकडे. तो काय आहे हे न बघता ओतून दिलात तर अर्धी माहिती गेली. वरच्या द्रवाचा ॲब्सॉर्प्शन घ्या. ३१४ नॅनोमीटरच्या आसपास टोकदार पीक दिसला तर सीझियमबहुल फेज बनतेय, अमाइन जास्त झालंय. साका काचेवर वाळवून एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) केलात आणि ११.७ अंशांच्या जवळ रेषा आली तर सीझियम डायलेड पेंटाब्रोमाइड. म्हणजे पाण्याने सीझियम ब्रोमाइड धुऊन नेलं किंवा डीडीएबी जास्त झालं. पाणी असं का करतं? सीझियम ब्रोमाइड १०० मिलिलिटर पाण्यात शंभर ग्रॅमहून जास्त विरघळतं, लेड ब्रोमाइड जेमतेम एक ग्रॅम. पाण्याचा बारीकसा थेंबही आधी सीझियमच पळवतो. तिसरी शक्यता: साका यूव्हीखाली हिरवाच दिसतो, फक्त थोडा पिवळट, आणि एक्सआरडीत मूळचीच फेज आहे. मग क्रिस्टल्स मेलेले नाहीत, लिगंड कमी पडल्यामुळे एकमेकांना चिकटून मोठे झालेत. त्यावर उपाय वेगळा.

पीक सरकण्यावरून निष्कर्ष काढताना जरा सांभाळून. या पदार्थात शोषण आणि उत्सर्जन खूप जवळजवळ असतात, त्यामुळे दाट द्रावण आपलाच उजेड गिळतं आणि पीक तांबड्याकडे सरकल्यासारखा दिसतो. एक्सायटेशनच्या तरंगलांबीला ॲब्सॉर्बन्स ०.१ च्या खाली ठेवूनच तुलना करा. आणि क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन टाळा. उजेडात त्यांतला क्लोरीन क्रिस्टलमध्ये घुसतो आणि रंग निळ्याकडे पळतो.

साठवणुकीचं लवकर सांगतो. अंबर बाटली, कोरडा सॉल्व्हंट, शक्य तितकं दाट द्रावण, वर हवा कमी. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर जुलै-ऑगस्टच्या हवेत झाकण उघडताच आत दव धरतं.

एवढं झाल्यावर कवच. सिलिकासाठी एपीटीईएस किंवा टीएमओएस ही सिलिकॉनची रसायनं वापरतात. दोन्हींना जाळं विणायला पाणी लागतं आणि तुमच्या क्रिस्टलला तेच पाणी मारतं. ही शर्यत आहे: जाळं आधी विणलं जातं की क्रिस्टल आधी मरतो. बहुतेक पद्धतींत ते पाणी हवेतून किंवा टोल्युईनमधल्या अंशातून घेतलं जातं. म्हणजे मेमध्ये जमलेली रेसिपी ऑगस्टमध्ये फसते, आणि नाशिकला मेची दुपार आणि ऑगस्टची दुपार यांच्यात किती फरक असतो ते दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा. उपाय स्वस्त आहे. डेसिकेटरच्या (घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्याच्या) तळाशी सिलिका जेलऐवजी संपृक्त मिठाचं द्रावण ठेवा, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहील इतकं. साध्या मिठाने आत ७५ टक्के आर्द्रता राहते, मॅग्नेशियम क्लोराइडने ३३ टक्के. रिॲक्शनची उघडी बाटली मॅग्नेटिक बारसह त्यात, डेसिकेटर खालून स्टररवर. मे असो वा ऑगस्ट, हवा तीच. टीएमओएसमधून मिथेनॉल सुटतं, तोही पोलर, म्हणून ते एकदम न घालता तुकड्यातुकड्याने घाला. आणि प्रत्येक क्रिस्टलवर सुबक वेगळा शेल येईल अशी अपेक्षा ठेवू नका. बहुतेक वेळा सिलिकाच्या ढेकळात अनेक क्रिस्टल्स अडकलेले मिळतात. उजेड बदलणाऱ्या फिल्मसाठी ते चालतं. विजेवर चालणाऱ्या एलईडीसाठी नाही, कारण सिलिकातून करंट जाणार नाही. त्या वाटेला छोटे लिगंड आणि पातळ थर हा सगळाच वेगळा धंदा आहे, इथे त्यात शिरत नाही.

सगळ्यात कडक कवच हवं असेल तर लिगंडच काढून टाकायचे: सच्छिद्र सिलिकाच्या भोकांत क्षार भरून ६०० ते ९०० अंशांना भाजायचं, भोकं मिटतात आणि क्रिस्टल आत बंद. २०२० मध्ये चीनमधून आलेलं हे काम मला फार आवडलं. त्यात बाटलीतलं देखणं द्रावण हातात येत नाही, पावडर येते. पण फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारा पदार्थ) म्हणून वापरायला पावडरच बरी, आणि मफल फर्नेस तर कॉलेजात असतेच.

पॉलिमरमध्ये घालायचं तर पीएमएमएकडे (ॲक्रिलिककडे) सगळे धावतात, कारण ते लॅबमध्ये पडलेलं असतं. पण पीएमएमए पाणी पितं. पॉलिस्टायरिन त्याच्या कितीतरी कमी. टोल्युईन दोन्हीला चालतो, मग पॉलिस्टायरिनच घ्या. काच आणि बॅरिअर फिल्म यांच्यात सँडविच करता आलं तर उत्तम. साध्या पीईटीतून (बाटल्यांच्या प्लास्टिकमधून) पाण्याची वाफ सहज ये-जा करते. बॅरिअर फिल्ममधून शेकडो ते हजारो पट कमी.

सँडविच केल्यावर खरी गंमत कडेला दिसते. वरून-खालून वाट बंद झाली की ओलावा कापलेल्या कडेतून शिरतो. यूव्ही टॉर्चखाली फिल्मच्या चारी बाजूंनी काळपट किनार दिसायला लागते. फिल्मशेजारी स्टीलची पट्टी ठेवून मोबाइलने रोज फोटो काढा आणि किनारीची रुंदी मोजा. ती वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत असेल, म्हणजे दुप्पट दिवसांत साधारण १.४ पट, तर पाणी कडेतून झिरपतंय आणि तुमचा इलाज कड सील करण्याचा आहे. किनार तशीच राहून मधला भाग सगळीकडे सारखा फिका पडत असेल तर कडेशी भांडून उपयोग नाही. उजेडाने, उष्णतेने किंवा आधीच अर्धवट मेलेल्या पृष्ठभागाने घात केलाय. रोजच्या फोटोंवरून हे दोन आजार वेगळे काढता येतात आणि त्याला कसलंही महागडं यंत्र लागत नाही.

पाण्याच्या बीकरमध्ये तरंगणाऱ्या, यूव्हीखाली चमकणाऱ्या फिल्मचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मी त्यांना फारसं महत्त्व देत नाही. तेलकट पृष्ठभागावर पाणी टिकतच नाही. दुसरं, सीझियमबहुल रंगहीन फेजला पाणी लागलं की तिच्यातलं सीझियम ब्रोमाइड धुतलं जाऊन ताजं हिरवं पेरोव्हस्काइट बनू शकतं. म्हणजे नमुन्यात ती फेज असेल तर पाण्यात उजेड टिकतो, प्रसंगी वाढतोही, आणि लिहिणारा 'वॉटर रेझिस्टंट' लिहून मोकळा. तसंच उजेडात ठेवल्यावर पहिले काही तास पीएल वाढू शकतो. दुसऱ्या दिवशी ११० टक्के आलं म्हणून हुरळून जाऊ नका, वाढून स्थिर झाल्यावरचा आकडा शंभर धरा.

मोजमापाची शिस्त म्हणाल तर एकाच बॅचमधून तुकडे कापा: एक अंधारात कोरडा, एक अंधारात दमट (तीच मिठाची युक्ती), एक निळ्या एलईडीखाली कोरडा, एक अंधारात गरम. चारही एकत्र केले की कोणामुळे मेला ते कळत नाही. निळ्या एलईडीची तीव्रता प्रति चौरस सेंटिमीटर किती मिलिवॉट आहे हे लिहिल्याशिवाय तासांना अर्थ नाही. आणि दर वेळी वायएजी-सेरियम फॉस्फरची एक वडी, पांढऱ्या एलईडीत असते ती पिवळी पावडर दाबून केलेली, त्याच जागी ठेवून मोजा. ती वर्षानुवर्षं बदलत नाही. तिचा आकडा पडला तर तुमचा दिवा किंवा डिटेक्टर पडलाय, नमुना नाही. पुढे ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची चाचणी करायची वेळ आली तर मोठ्या संस्थेकडेच बघायला हवं असं नाही. सातपूर-अंबड पट्ट्यात इलेक्ट्रिकल आणि ऑटो पार्ट्सच्या टेस्टिंगसाठी ह्युमिडिटी चेंबर असतात, चौकशी केलीत तर कोपऱ्यात दोन पट्ट्या ठेवायला जागा मिळू शकेल. पट्ट्यांत लेड आहे हे मात्र आधी सांगा.

लाल रंगाचा मोह सध्या नको. ब्रोमाइड-आयोडाइड मिसळून लाल आणलात तर उजेडाखाली दोन्ही हॅलाइड वेगळे होऊन रंग सरकतो, हे २०१५ पासून माहीत आहे, आणि लिगंडने ते पूर्ण थांबत नाही. डिस्प्लेच्या फिल्ममध्येसुद्धा हिरवा पेरोव्हस्काइट घेऊन लाल रंगाचं काम मँगनीजच्या फ्लोराइड फॉस्फरवर सोपवण्याचा मार्ग आहे. हिरवा नीट करा, तेवढा पुरे.

राहिला द्राक्षबागेचा प्रश्न. नको, आणि टिकाऊपणा सुधारला तरी नको. सीझियम लेड ब्रोमाइडच्या वजनात जवळपास ३६ टक्के लेड असतं. युरोपच्या रोह्स नियमात (इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या) आणि आपल्या ई-वेस्ट नियमांतही इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या एकजिनसी पदार्थात लेडची मर्यादा ०.१ टक्के आहे. हिशोब केलात तर फिल्ममध्ये ०.२८ टक्क्यांहून जास्त क्रिस्टल्स घालताच ती ओलांडते. आणि हे बंद डब्यातल्या टीव्हीचं झालं. बागेवरचं प्लास्टिक उन्हात तडकतं, वादळात फाटतं, त्यावर गंधक आणि बोर्डोचे फवारे उडतात, सीझन संपला की बांधावर पडून राहतं. त्यातलं लेड मातीत उतरणार, आणि एक्स्पोर्टचा माल रेसिड्यू रिपोर्टवर अडतो तिथे कुठला बागायतदार हा धोका घेईल? शेतीच्या फिल्मसाठी उजेडाचा रंग बदलायचाच असेल तर लेड नसलेले, उन्हात टिकणारे फॉस्फर बघा. तुमच्या प्रोजेक्टच्या वॉशिंगमधून निघणारं प्रत्येक सुपरनेटंटही (वरचा ओतून टाकायचा द्रव) 'लेड वेस्ट' लिहिलेल्या वेगळ्या कॅनमध्ये गेलं पाहिजे आणि तो कॅन घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत एजन्सीकडे. बेसिनमधून ते गोदावरीच्याच वाटेला लागतं.